खोली नंबर पंधराचा पडदा

पडदा डावीकडे चार बोटं खाली आला होता.

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर माणसं आधी पलंग दाबून बघतात, मग नळाला पाणी आहे का ते बघतात. मास्तरांनी हातातली बॅग खाली ठेवायच्या आधी पडदा बघितला. तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकलेल्या माणसाचे डोळे ते. समोर कुणी आलं की चेहऱ्याआधी त्यांना खांद्याचा उतार दिसायचा. खाली काउंटरवर मॅनेजरनं नमस्कार केला, तेव्हाही त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हाच की याचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, अस्तर जाड घ्यावं लागेल.

"बघू नका," बायको मागून म्हणाली.

"काय?"

"जे बघताय ते."

"मी समुद्र बघत होतो. छान दिसतो इथून."

"समुद्र उजवीकडे आहे. तुम्ही डावीकडे बघताय."

मास्तरांनी बॅग खाली ठेवली. त्यांनी शब्द दिला होता. चार दिवस सुई-दोऱ्याला हात लावायचा नाही, कुणाच्या बाहीबद्दल बोलायचं नाही, 'शिवण कच्ची आहे' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ही सुट्टी अकरा वर्षं पुढे ढकललेली सुट्टी होती. शाळा उघडायच्या आधी गणवेश असायचे, गणवेश संपले की लग्नांचे कपडे, ते संपले की लग्नात जाड झालेल्यांचे कपडे उसवून द्यायचे. प्रत्येक वेळी मास्तर म्हणायचे, "दहा मिनिटांत आवरतो," आणि त्या दहा मिनिटांत वर्ष उलटायचं. या वेळी बायकोनं स्वतःच खोली ठरवली, स्वतःच बॅगा भरल्या, आणि निघायच्या आधी मास्तरांची दाढीची पिशवी झाडून त्यातून दोन सुया, काळ्या दोऱ्याचं रीळ आणि एक छोटी कात्री जप्त केली.

तिला फक्त एक गोष्ट बघायची होती. समोरच्या बेटावर एक जुनं दीपगृह होतं. लहानपणी शाळेच्या पुस्तकात तिनं त्याचं चित्र बघितलं होतं. तिथे जाणारी बोट दिवसातून एकदाच, दुपारी चारला सुटायची आणि साडेसहाला परत यायची.

हॉटेल जुनं होतं. जाहिरातीत 'जुन्या काळचा साज' असं छापलं होतं. प्रत्यक्षात साज निघून गेला होता आणि जुना काळ तेवढा मागे राहिला होता. पंखा एकतर बंद असायचा नाहीतर वादळासारखा फिरायचा, मधलं त्याला काही माहीत नव्हतं. टेबलावर टेलिफोन होता, पण त्याची वायर टेबलाच्या कडेपर्यंत येऊन संपत होती. दाराच्या मागे चौदा नियमांचा कागद चिकटवला होता. मास्तरांनी सगळे चौदा वाचले. नववा त्यांनी दोनदा वाचला. 'खोलीतील कोणतीही वस्तू जागची हलवू नये अथवा तिची मोडतोड करू नये. तसे आढळल्यास व्यवस्थापन योग्य ती कारवाई करील.'

सव्वादोन वाजता बायको आंघोळीला गेली. मास्तर पलंगावर आडवे झाले. पडद्याकडे पाठ केली, तर समोरच्या आरशात तो दिसायला लागला. आरशात तर तो उजवीकडून खाली होता, म्हणजे आणखीच वाईट. त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे चार बोटांचा तो फरक पाच बोटांचा झाला.

दुमड उसवली आहे की पहिल्यापासून कापडच वाकडं कापलंय, एवढंच बघू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बघायला काय हरकत आहे? बघणं म्हणजे शिवणं नव्हे. ते उठले, खिडकीपाशी गेले, आणि पडद्याची कड दोन बोटांत धरून अगदी हळू, गिऱ्हाइकाची कॉलर सारखी करावी तशी, खाली ओढली.

आधी वरून थोडी माती पडली. मग जरा थांबून, जणू विचार करून, पडद्याची लोखंडी दांडी उजव्या बाजूनं सुटली आणि जाताना हातभर गिलावा सोबत घेऊन खाली आली. दांडी मास्तरांच्या हातात, पडदा मास्तरांच्या डोक्यावर आणि गिलाव्याचा ढीग मास्तरांच्या पायावर.

"अहो! काय पडलं?" न्हाणीघरातून आवाज आला.

"काही नाही."

"काही नाही एवढ्या जोरात पडतं?"

"कपाट उघडलं गं. जुनं आहे. आवाज करतं."

"मग तुमचा आवाज असा पांघरुणातून आल्यासारखा का येतोय?"

मास्तरांनी डोक्यावरून पडदा काढला. खिडकीच्या वर, उजव्या कोपऱ्यात, भिंतीच्या विटा उघड्या पडल्या होत्या. पडद्याची वरची पट्टीही कड्यांपाशी टरकली होती. भाड्याच्या दुकानात तीस वर्षं काढलेला माणूस हा. घरमालकाला विचारल्याशिवाय त्यानं भिंतीत कधी खिळा ठोकला नव्हता, आणि विचारायची भीती वाटायची म्हणून दुकानात आजवर एकही खिळा नव्हता.

बायको बाहेर आली. तिनं भिंतीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"पडद्याला हात लावलात."

"हात नाही लावला. दोन बोटं लावली."

"ठीक आहे," ती शांतपणे म्हणाली. तिचा शांतपणा मास्तरांना नेहमीच ओरडण्यापेक्षा जड जायचा. "खाली जा, मॅनेजरला सांगा पडदा पडला, ते करतील काय ते. आणि चला, बोट चारला आहे."

"काय सांगू? आपोआप पडला?"

"खरं ते सांगा."

"खरं सांगितलं तर नियम नऊ लागतो. योग्य ती कारवाई."

"म्हणजे काय करतील?"

"तेच तर लिहिलेलं नाही! दंड तर दंड, हाकलणार तर हाकलणार, स्पष्ट लिहावं ना माणसानं. 'योग्य ती' मध्ये काहीही मावतं, सैल सदऱ्यासारखं. आणि आपली ओळखपत्रं त्याच्या खणात आहेत."

त्यांच्या डोळ्यांपुढे खालची जाड नोंदवही आली, त्यांच्या नावापुढे लाल शाईनं काहीतरी लिहिलेलं. दाखवणार कुणाला ते, हा प्रश्न त्यांना सुचला नाही. घाबरलेल्या माणसाला असे प्रश्न सुचत नाहीत. त्याला फक्त उपाय सुचतात.

उपाय पलंगाच्या वरच टांगलेला होता. दोन घोड्यांचं मोठं चित्र, एक धावणारा आणि एक मागे वळून बघणारा. हे चित्र खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात अडकवलं की उघड्या विटा झाकल्या जाणार होत्या.

"खिडकीच्या वर कुणी चित्र लावतं का?" बायको म्हणाली.

"जुन्या हॉटेलात काहीही कुठेही असतं. मॅनेजर काय रोज मोजायला येतो?"

ते पलंगावर चढले आणि चित्र उचलून काढलं. मागच्या भिंतीत भोक होतं. मूठ आत जाईल एवढं. त्यात कुणीतरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता, आणि कागद पिवळा पडून इतका कुरकुरीत झाला होता की बोट लागताच त्याचा भुगा उशीवर सांडला.

दोघंही बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. भोकही त्यांच्याकडे बघत राहिलं.

"हे आपण नाही केलं," बायको हळूच म्हणाली.

"कोण ऐकणार? एक केलंय म्हटल्यावर दुसरंही आपल्याच नावावर."

मघाशी 'खरं सांगा' म्हणणारी बायको पलंगाच्या कडेवर बसली. तिनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. पावणेतीन झाले होते. भीती सर्दीसारखी असते, एका खोलीत दोघं असले की एकट्याला होत नाही.

"कपाट इकडे सरकवलं तर?" ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे कौतुकानं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचं असं पटकन एकमत फार क्वचित झालं होतं.

कपाट सागवानी होतं आणि आजवर कुणी आपल्याला हलवेल असं त्याला वाटलं नसावं. मास्तरांनी खांदा लावला, बायकोनं पाठ लावली. कपाट हललं, पण असं किंचाळलं की अंगावर काटा आला. एक ढकल, एक किंकाळी. अर्ध्या वाटेवर त्याचा एक पाय मागेच राहिला. तो पाय नव्हताच, विटेचा तुकडा होता. कपाट एका बाजूला कललं. मास्तरांनी ते छातीनं तोलून धरलं आणि मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं.

भिंतीला पुठ्ठा चिकटवलेला होता. भिंतीच्याच रंगाचा, काळजीपूर्वक रंगवलेला. त्याचा एक कोपरा सुटला होता आणि आत गिलाव्याचा भलामोठा पोपडा गेलेला दिसत होता. पुठ्ठ्यावर बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. बायकोनं चष्मा लावून वाचलं.

"'आमच्याकडून कपाट हलवताना झालं. कृपया क्षमा करावी. घोड्यांच्या मागचं मात्र आमचं नाही.'"

त्या क्षणी दारावर टकटक झाली.

कपाट मास्तरांनी बायकोच्या खांद्यावर सोपवलं, चित्र काखेत मारलं, आणि का मारलं ते न कळता तसेच दाराशी गेले. दार त्यांनी फक्त नाक बाहेर जाईल एवढं उघडलं.

बाहेर मॅनेजर होता. साठीचा, सडपातळ, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा.

"साहेब, त्रास देतो. खालच्या खोलीतले म्हणतायत, वर काहीतरी हलवताय का?"

"हलवतोय? छे! आम्ही व्यायाम करतोय."

"दोघं?"

"दोघं."

आतून कपाट कण्हलं. "ती जरा जोरात करते," मास्तर म्हणाले.

मॅनेजर घुटमळत उभाच राहिला. "साहेब, मी आत येऊ का?"

"नको!"

"बरं, नको, नको." तो इतक्या घाईनं मागे सरकला की मास्तरांनाच आश्चर्य वाटलं. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "तुम्ही आत काही बघितलंत का हो? म्हणजे, वेगळं काही?"

"आम्ही काहीच बघितलं नाही."

"घोड्यांचं चित्र वगैरे..."

"कुठले घोडे?" मास्तरांनी विचारलं. धावणारा घोडा त्यांच्या काखेतून डोकं बाहेर काढून मॅनेजरकडे बघत होता.

मॅनेजरनं घोडा बघितला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. "साहेब, तुम्हाला दुसरी खोली देऊ का? पहिल्या मजल्यावर आहे, मोठी आहे."

ही चाल मास्तरांच्या लगेच लक्षात आली. खोली बदलायची म्हणजे ही खोली तपासायची. "मुळीच नको," ते ठासून म्हणाले. "आम्ही या खोलीत खूप खूश आहोत."

"खूश?" मॅनेजरचा आवाज चिरकला. पंधरा नंबरमधल्या कुणी हा शब्द वापरल्याचं त्यानं बहुधा ऐकलंच नव्हतं. तो वळला आणि जिना उतरून गेला.

"गेला तक्रार करायला," मास्तर दार लावत म्हणाले.

"कुणाकडे? मॅनेजर तोच आहे."

"वर कुणीतरी असणारच. प्रत्येकाच्या वर कुणीतरी असतं. अगं, त्यानं घोडा बघितला!"

"मग आता तरी हे कपाट धरा, माझा खांदा गेला."

पाच मिनिटांत पुन्हा टकटक. या वेळी मॅनेजरच्या हातात त्यांची दोन्ही ओळखपत्रं होती. ती त्यानं फटीतून पुढे केली.

"ही ठेवा तुमच्याकडेच. आणि साहेब, हात जोडतो. एवढ्यावर मिटवा."

मास्तरांनी ती हातात घेतली. ओळखपत्रं परत, म्हणजे चालते व्हा. ही ती योग्य कारवाई! "अहो, पण आम्ही आजच आलोय," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "माझ्या बायकोला ते दीपगृह बघायचंय. अकरा वर्षं झाली हो."

"बघा ना! कोण नको म्हणतंय? फक्त तक्रारवहीत लिहू नका."

"आम्ही कशाला लिहू? लिहिणार तर तुम्ही."

"मी? मी कशाला माझ्याच वहीत..."

"अहो, धरा! धरा!" आतून बायको ओरडली.

मास्तरांनी दार सोडून आत धाव घेतली. कपाट टेकवायला त्यांना तेवढाच वेळ मिळाला. दार मात्र आपल्या वजनानं सावकाश, पूर्ण, भिंतीला लागेपर्यंत उघडलं. मॅनेजर उंबऱ्यात उभा होता. त्याच्या पुढ्यात सगळं होतं. खोलीच्या मधोमध लंगडं कपाट, जमिनीवर दांडी, उशीवर वर्तमानपत्राचा भुगा, खिडकीच्या वर विटा, भिंतीत भोक आणि पुठ्ठा.

"माफ करा!" मास्तर म्हणाले.

"माफ करा!" त्याच क्षणी मॅनेजर म्हणाला.

दोघंही थांबले.

"तुम्ही कशाबद्दल?" बायकोनं मॅनेजरला विचारलं. तिचं डोकं जागेवर होतं.

मॅनेजर आत येऊन खुर्चीवर बसला. घोड्यांच्या मागचं भोक त्याचं होतं. सहा वर्षांपूर्वी पाण्याचा पाइप शोधताना त्यानं ते पाडलं होतं, पाइप सापडला नाही, म्हणून वर घोडे लावले. मालकीणबाई दुसऱ्या गावी राहायच्या. दर महिन्याला तो त्यांना कळवायचा, सगळं ठीक आहे. या वर्षी वहीत दोन तक्रारी आल्या. तिसरी आली तर हॉटेल बंद करून विकून टाकते, असं त्यांनी निरोपात बजावलं होतं. आणि आज साडेपाचला त्या स्वतः बघायला येणार होत्या.

"सव्वीस वर्षं झाली मला इथं," तो म्हणाला. "जिन्याखाली खोली आहे माझी. घर म्हणाल तर तेच. वरून एवढा आवाज आला तेव्हा वाटलं, संपलं. यांना भोक सापडलं, आता भिंती ठोकून ठोकून आणखी शोधतायत."

मग त्याची नजर पुठ्ठ्याकडे गेली. त्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं चष्मा चढवून ओठ हलवत वाचलं आणि पुन्हा खुर्चीवर बसला. "माणसं चांगली होती पण," तो म्हणाला.

साडेतीन झाले होते. बायकोनं चपला घातल्या, खांद्याला पिशवी लावली. "चला."

मास्तरांनी फाटक्या पट्टीकडे बघितलं, विटांकडे बघितलं, खुर्चीत खचलेल्या मॅनेजरकडे बघितलं. घोड्यांच्या मागचं आपलं नव्हतं, पुठ्ठ्यामागचं नव्हतं. पण खिडकीवरचं आपलंच होतं.

"हे मी केलंय गं," ते म्हणाले. "असंच टाकून गेलो तर बोटीत माझा जीव लागायचा नाही. दहा मिनिटांत आवरतो."

ती दहा मिनिटं बायकोला चांगलीच ओळखीची होती.

"सुई आहे का तुमच्याकडे?" तिनं मॅनेजरला विचारलं.

"काउंटरच्या खणात आहे, ताई."

"द्या यांना." ती दाराकडे वळली. "मी खाली आहे." आणि गेली.

मास्तरांनी मन घट्ट केलं आणि कामाला लागले. मॅनेजर भिंतीत ठोकायची लाकडी गुट्टी, हातोडी आणि कुठून तरी उरलेलं थोडं प्लास्टर घेऊन आला. दोघांनी कपाट जागेवर ढकललं, पुठ्ठा नीट चिकटवला, घोडे परत टांगले. मास्तर खिडकीच्या कठड्यावर उभे राहिले. गुट्टी ठोकली, दांडी बसवली, पाण्यानं भरलेला ग्लास तिच्यावर टेकवून ती समतल आहे का बघितलं. त्यात त्यांना शोध लागला की पडदा बिचारा सरळच होता, दांडी वाकडी होती. दांडी सरळ केल्यावर पडदा सरळ झाला आणि खिडकी वाकडी दिसायला लागली. पण खिडकी शिंप्याच्या हद्दीत येत नाही.

ते पट्टी शिवत होते. तोंडात टाचण्या, अंगावर पडदा, आणि बोटीचा चारचा भोंगा झाला.

"थांबा!" असं ओरडायला तोंड उघडावं तर टाचण्या घशात जायच्या. खाली बागेत बायको बसली असेल, बोट जाताना बघत असेल. काय बघत असेल ती, कुणाला शिव्या देत असेल! त्यांनी टाके घातले ते सगळे भरल्या डोळ्यांनी घातले. पण एकही वाकडा गेला नाही, हे मात्र खरं.

पावणेपाचला ते धावत खाली आले. बागेत कुणी नव्हतं. दिवाणखान्यात कुणी नव्हतं. रस्ता ओलांडून धक्क्यावर गेले, तर तिथे तिकीटवाला खिडकी लावून घेत होता.

"चारच्या बोटीनं एक बाई एकट्या गेल्या का?"

"वीस-पंचवीस बायका गेल्या. कोण कुणाबरोबर ते मी बघत नाही."

"पाच फूट दोन इंच, खांदे तेरा," मास्तर म्हणाले.

तिकीटवाल्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि खिडकी पूर्ण लावून घेतली.

मास्तर बाकावर बसले. खिशात हात घातला, तर बायकोचा फोन त्यांच्याच खिशात. तिचा चष्मासुद्धा; कपाट धरताना तिनंच सांभाळायला दिले होते. म्हणजे ती गेली असेल तर तिला धड दिसणारही नाही, आणि गेली नसेल तर कुठे आहे? घरी परत गेली? एकटी, एवढ्या लांब? जन्मात ती कधी एकटी पुढच्या चौकापलीकडे गेली नव्हती. पाण्यावर वारा सुटला होता. बेट इतकं लहान दिसत होतं की त्यावर एवढी माणसं मावतील असं वाटत नव्हतं. समजा लाट आली. समजा परतताना ती दुसऱ्याच बोटीत चढली. मास्तर उठले, धक्क्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांनी एवढ्या फेऱ्या मारल्या की कठड्यावर बसलेला एक पक्षीही कंटाळून उडून गेला.

सहाच्या सुमाराला मॅनेजर धापा टाकत आला. "साहेब, झालं! मालकीणबाई येऊन गेल्या. म्हणजे आल्या, गेल्या नाहीत. मी सगळं सांगून टाकलं. भोक, घोडे, सगळं. तो पुठ्ठ्यावरचा मजकूर दाखवला. पाच मिनिटं हसत होत्या."

"बोट कधी येते?" मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले.

"साडेसहाला. म्हणाल्या, जिथे लोक भिंतीची एवढी लाज बाळगतात, त्या हॉटेलात अजून दम आहे. एक वर्ष बघू. पडदा तर इतका आवडला की त्या स्वतःच पंधरा नंबरमध्ये राहिल्या. तुमचं सामान नऊ नंबरमध्ये हलवलंय. आधी विचारायला हवं होतं, माफ करा."

"हरकत नाही." क्षणभर मास्तरांतला शिंपी जागा झाला. "नऊचा पडदा कसा आहे?"

"नऊला पडदाच नाही."

साडेसहाला बोट आली. माणसं उतरायला लागली. दहा, वीस, तीस. मास्तर टाचा उंचावून बघत होते आणि प्रत्येक उतरणाऱ्या डोक्यागणिक त्यांचा जीव एकेक पायरी खाली जात होता. सगळ्यात शेवटी ती उतरली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, गाल लाल, हातात शंख, आणि शेजारच्या एका गुबगुबीत बाईशी काहीतरी बोलून ती खदखदून हसत होती.

"कुठे होतीस?" मास्तरांचा आवाज रडवेला झाला.

"बेटावर."

"एकटी?"

"पन्नास माणसं होती. एकशे बारा पायऱ्या चढले. वर गेल्यावर एवढं पाणी दिसतं चहूकडे! चष्मा नव्हता तरी दिसलं."

"मला वाटलं, तू खाली बागेत बसलीस."

"बसले होते ना. दहा मिनिटं. घड्याळ लावून." तिनं शंख त्यांच्या हातात दिला. "मग म्हटलं, अकरा वर्षं यांच्यासाठी थांबले, दीपगृहानं काय घोडं मारलंय?"

मास्तरांनी मान खाली घातली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण माफीचं एकुलतं वाक्य दुपारीच मॅनेजरवर संपलं होतं.

"आणि बरं का," ती चालता चालता म्हणाली, "बोट हॉटेलच्या अगदी समोरून जाते. आपली खिडकी काय झकास दिसते! तुम्ही कठड्यावर उभे, तोंडात टाचण्या, अंगावर पडदा गुंडाळलेला. मला कसलं दिसतंय, माणसं एकमेकांना सांगत होती. सगळी बोट एका बाजूला आली बघायला. शेवटी बोटवाला ओरडला, बसा म्हणून."

"अरे देवा."

"या शेजारच्या बाई मला म्हणाल्या, हॉटेल जुनं असलं तरी माणूस कामसू ठेवलाय हो. ओळखता का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो."

मास्तर दुखावले. पुरती आठ पावलं ते दुखावलेले राहिले. तेवढ्यात ती गुबगुबीत बाई मागून लगबगीनं आली आणि मास्तरांना आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "अगबाई, तुम्हीच ना ते पडदेवाले दादा? मी अकरा नंबरमध्ये आहे. आमचा पडदा ना, एका बाजूनं अगदी लोंबतोय. येताय का जरा? दहा मिनिटांचं काम आहे."

मास्तरांचा हात नकळत खिशाकडे गेला. सुई खिशातच राहिली होती.

त्यांच्या बायकोनं तो हात वाटेतच पकडला आणि आपल्या काखेत घट्ट धरला.

"नाही हो," ती त्या बाईला गोड आवाजात म्हणाली. "आजपासून चार दिवस यांची सुट्टी आहे. आणि हो, मघाशी नीट आठवलं नाही. हे माझे मिस्टर."